डाव्या बाजूचा जवाई

जऊळक्याच्या बबनरावांना गावात कोण ओळखत नाही? चार एकरांत सोयाबीन आणि तूर करणारा माणूस, सुगीत आपलं मळणीयंत्र, म्हणजे आमच्या भाषेत हडंबा, घेऊन गावोगाव फिरणारा माणूस. पण फुटबॉलमधले बबनराव म्हटलं तर लोक डोकं खाजवतात. पेपरात जऊळक्याच्या संघाची चार ओळींची बातमी आली की गोल मारणाऱ्याचं नाव येतं, उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांची तर झाडून सगळी येतात. मागं उभं राहून गोल होऊ न देणाऱ्याचं नाव कोण छापतो? अहो, वीस-बावीस वर्षं झाली, हा बावा तिथं उभा आहे!

स्टेशनमागच्या पटांगणावर मीटरगेजच्या जमान्यात बदलून आलेल्या कुण्या स्टेशनमास्तरानं पोरांना बॉल दिला, तेव्हापासून जऊळक्यात फुटबॉल आहे. बबनराव त्या पटांगणावरच वाढले. गुडघे आता कुरकुरतात, पोटही जरा पुढं आलंय, पण मागच्या फळीच्या मधोमध उभं राहायचं ते त्यांनीच. त्यांचं सरळ म्हणणं होतं, "मांगचा माणूस पायानं खेयत नाई, तोंडानं खेयते."

आणि तोंड तरी कसलं! मागच्या फळीत चौघं असतात, दोन मधले, दोन बाजूचे. बॉल डावीकडे गेला की चौघांनी मिळून डावीकडे सरकायचं. एकजण कुणाला भिडायला गेला की शेजारच्यानं त्याची मोकळी जागा झाकायची. आणि समोरचा गडी गोलजवळ घुटमळायला लागला की चौघांनी एकदम पुढं निघायचं, म्हणजे तो आपल्या ओळीमागं एकटा उरतो, त्याच्याकडे बॉल आला की ऑफसाइड, आणि पंचाची शिट्टी. हे सगळं एका हाकेवर झालं पाहिजे. एकजण जरी मागं रेंगाळला तर सगळ्यांच्या मेहनतीवर पाणी. ती हाक बबनरावांची. "लाइन!" अशी आरोळी आली की स्टेशनवर गाडीची वाट पाहणारे लोकही दोन पावलं पुढं सरकतात, असं गावात गमतीनं म्हणतात.

हाकेसोबत शिव्या फुकट. स्वतःचा पोरगा राजू गोलकीपर, त्याला "अबे बैताडा, डोये उघड!" डाव्या बाजूचा तांड्यावरचा खेमा, त्याला "झोपला काय बे?" सरपंचाचा धाकटा भाऊ उजवीकडे खेळायचा, त्याचीही सुटका नव्हती. खेळ संपला की हेच बबनराव सगळ्यांना टपरीवर चहा पाजत. कुणाला राग येत नसे. मैदानावर बबनरावांनी ज्याला शिवी दिली नाही, त्यानं समजावं की आपली संघात काही जागा नाही.

घरी मात्र हा माणूस गाय! भाजी अळणी झाली तर बायकोला, तुळसाबाईला, तेही सांगायचं धाडस नाही, गुपचूप मिठाची चिमूट घ्यायचा. आणि जवाई समोर आला की? तिथं तर वाचाच बसायची.

जवाई म्हणजे ऋषिकेश, केनवडचा. तिथं त्याचं कृषी केंद्र आहे. उंच, अबोल पोरगा, अकोल्याला कॉलेजात असताना फुटबॉल खेळलेला. लेकीचं, मंजुषाचं, लग्न त्याच्याशी झालं आणि बबनरावांना वाटलं, आपलं नशीब फळफळलं. पण लग्नानंतर लगेच अधिक महिना आला, धोंड्याच्या जेवणाला जवाईबापूंना बोलावणं गेलं, आणि तिथंच कुठंतरी माशी शिंकली. जेवण झालं, मानपान झाला, आणि दोन दिवस मुक्कामाला म्हणून आलेला जवाई संध्याकाळीच गाडीला किक मारून निघून गेला. मंजुषालाही मागं बसवून नेलं.

काय चुकलं? घराघरात खल झाला. तुळसाबाई म्हणाली, अनारसे कडक झाले होते. मंजुषाची काकू म्हणाली, कपडे पसंत पडले नसतील. बबनरावांनी तर स्वतःलाच दोष लावला, की पानसुपारी द्यायला आपण उशीर केला. मंजुषाला विचारलं तर तीही म्हणे, "मले नाई सांगत ते काई. लय मुके हायेत." त्याला आता अडीच वर्षं होत आली होती. जवाई येई तो दिवाळीत, दारात गाडी चालू ठेवून पाणी पिई, "नाही, दुकान आहे" म्हणे आणि जाई. त्याच्यासोबत मंजुषाही. केनवड काही लंडनला नाही, गाडीवर तासाभराचा रस्ता. पण पोरगी तोंड दाखवून जायची, राहायची नाही. तुळसाबाई पदरानं डोळे पुशी आणि बबनराव हडंब्याचे बेल्ट आवळत बसत. पोरगी तुटत चालली आपल्याला, ही गोष्ट दोघंही एकमेकांना बोलून दाखवत नसत.

यंदा जानेवारीत पटांगणावर स्पर्धा भरली आणि जऊळकं फायनलला गेलं. समोर कारंज्याचा संघ. पण ऐन वेळेस पंचाईत! खेमा दिवाळीनंतर घरच्यांसोबत ऊसतोडीला गेला होता, आणि त्याच्या जागी जो पोट्टा खेळत होता त्याचा पाय मुरगळला. डावी बाजू उघडी पडली. बबनरावांनी फोनवर मंजुषाजवळ सहज रडगाणं गायलं. तिकडून पोरगी म्हणाली, "बाबा, हे खेयतात ना. कॉलेजात डाव्या बाजूलेच खेयत होते."

"हाव, पन त्यायले कसं म्हनू मी? जवाई हायेत."

"तुमी नका म्हनू. मी पाहीन."

आणि काय आश्चर्य, फायनलच्या दिवशी दुपारी ऋषिकेश बूट घेऊन हजर! मागं मंजुषा, तोंडभर हसू. तुळसाबाईचा तर पाय जमिनीवर ठरेना. पाट काढला, रांगोळीचा डबा काढला, ओटीचे तांदूळ निवडून ठेवले. बबनरावांना तिनं दारामागं ओढून बजावलं, "हे पाहा, कप जिंका नाईतर हारा, मले काई घेनं देनं नाई. पन जवायाले उनंदुनं बोलानं तं पाहा! आज ते जेवून, राहून गेले पाह्यजेत. पुन्हा रुसले तं माही पोरगी गेली समजा."

"मी कायले बोलीन?" बबनराव म्हणाले. "मी तं तोंडाले कुलूपच लावतो."

आता सांगा, ज्याचा खेळच तोंडाचा, त्यानं तोंडाला कुलूप लावल्यावर काय होणार!

मैदानावर उतरायच्या आधी ऋषिकेशनं रीतसर विचारलं होतं. पोरगा जाणकार होता. "मामाजी, मी बॉल घेऊन वर गेलो तं मांगं माही जागा कोन झाकते?"

खरं उत्तर होतं, कोणी नाही. खेमा कधी मधली रेघ ओलांडून वर जायचाच नाही, त्यामुळे डावीकडे झाकाझाकी करायची सवयच कुणाला नव्हती. पण जवायाला नाही कसं म्हणायचं? बबनराव म्हणाले, "जा ना बापू, बिनधास्त जा! आमी हाव ना."

राजू म्हणाला, "हो भाऊजी, तुमी काई काळजी करू नका."

सरपंचाच्या भावानं तर हातच जोडले.

शिट्टी झाली. आणि जऊळक्याच्या बाकी दहा जणांनी जवायाचा असा काही मान ठेवला की विचारू नका. ज्याच्या पायात बॉल येई तो आधी डावीकडे पाही, जवाईबापूंना नको का? दोघंजण एका बॉलवर आले तर जवाई असेल तिथं आपला गडी बाजूला होई, पंगतीत वाढताना होतात तसा. ऋषिकेश बॉल घेऊन वर जाई, छान जाई, पण परतायला त्याला वेळ लागे, आणि तेवढ्यात डावीकडे मोकळं रान. कारंज्याच्या उजव्या बाजूला एक बुटका चपळ पोरगा होता, त्याला हे दहा मिनिटांत समजलं. तो तिकडून घुसायला लागला.

बबनराव मधली जागा सोडून डावीकडे धावले. मग मध्ये भगदाड. परत मध्ये आले, तर डावीकडे भगदाड. "जागा सोडू नका" म्हणून आयुष्यभर कंठशोष केलेला माणूस स्वतः इकडून तिकडे धापा टाकत होता. मध्येच ते म्हणत, "बापू, जरासं... जमलं तं... मांगं येता काय?" तेही इतक्या हळू की शेजारच्याला ऐकू जाऊ नये. ऑफसाइडची ओळ तर लागतच नव्हती. "लाइन!" अशी खणखणीत हाक मारायची तर ती हुकूम सोडल्यासारखी वाटेल, म्हणून बबनराव नुसताच हात हलवत. कुणाला दिसे, कुणाला नाही. मध्यंतराच्या जरा आधी बुटका डावीकडून आला, बबनराव पोचायच्या आत त्यानं बॉल मध्ये टाकला, आणि गोल.

मध्यंतरात पोरं कॅनचं पाणी पीत गवतावर बसली. जवायासाठी मात्र खुर्ची आली. तुळसाबाईनं घरून काचेच्या ग्लासात लिंबूसरबत आणलं होतं, ते पुढं आलं. कुणीतरी टॉवेलानं वारा घालायला लागलं. ऋषिकेश त्या खुर्चीत एकटा बसला होता, तोंड असं की आता उठतो आणि जातो. मंजुषा लांबून पाहत होती.

"बाबा, सांगा ना त्यायले काई," राजू कानात म्हणाला. "आपन हारून राह्यलो."

"तूच सांग. तुहा भाटवा हाय, सख्ख्या बहिनीचा नवरा."

"माह्यानं नाई होत. मोठे हायेत ते."

"मंग माह्यानं तरी कसं होईन? जवाई हाय बे तो!"

दुसऱ्या अर्ध्यात ऋषिकेशनंच डावीकडून झकास बॉल टाकला आणि आपल्या संघातल्या एका पोरानं डोक्यानं गोल केला. एक-एक! सारं गाव ओरडलं. पण बबनरावांना आनंद करायलाही दम उरला नव्हता. खेळ संपायला थोडासा वेळ, आणि ऋषिकेश पुन्हा वर गेला. या वेळी त्याच्या पायातून बॉल सुटला. बुटका सुटला तो सुसाट. डावीकडे मोकळं, मध्ये बबनराव आणि कारंज्याचे दोन गडी. कुणाकडे जावं? एकाकडे गेले तर दुसरा मोकळा. त्या क्षणी बबनरावांच्या डोक्यातून तुळसाबाई गेली, पाट गेला, रांगोळी गेली, अडीच वर्षं गेली. बावीस वर्षं मागची फळी राखणारा स्टॉपर तेवढा उरला. आणि त्यांच्या तोंडून निघालं:

"ऋष्या! अबे बैताडा, मांगं मर ना! तुहा माणूस कोन पकडीन, तुहा बाप?"

पंचानंही मान वळवली. बायकांच्या घोळक्यात तुळसाबाईनं पदर तोंडात कोंबला. जवायाचं नाव असं तोडून! वर 'मांगं मर' म्हणायचं! आणि बाप काढला तो कोणाचा, तर व्याह्याचा!

ऋषिकेशनं एकदा सासऱ्याकडे पाहिलं. आणि मग तो पोरगा असा काही धावला की काय सांगू! बुटक्याला गोलपाशी गाठलं, घसरत पाय टाकला, बॉल उडाला तो थेट रुळांकडच्या बाभळीत.

बबनराव मात्र जिथल्या तिथं. तोंडातून काय गेलं ते आत्ता त्यांच्या कानांपर्यंत पोचलं होतं. गेली पोरगी! आपल्याच तोंडानं घालवली! कारंज्याच्या पोरानं बाहेरून बॉल फेकला, तो मागं गेला, तिथला गडी लांब बॉल मारायच्या बेतात आला, समोरचा गडी गोलजवळ उभा, आणि बबनराव शुंभासारखे जमिनीकडे पाहत होते. तेवढ्यात डावीकडून आरोळी आली.

"मामाजी! लाइन घ्या ना, लाइन! झोपले काय!"

आवाज जवायाचा होता. बबनराव दचकून पुढं निघाले, चौघंही निघाले, एका ओळीत, आणि कारंज्याचा गडी मागं एकटा राहिला. शिट्टी! ऑफसाइड! त्यानंतर शेवटपर्यंत मागच्या फळीत नुसता कल्ला होता. "डावीकडं सरक!" "सरकलो ना, तुमी मधात राहा!" "राजू, बाहीर ये!" "भाऊजी, मांगं पाहा!" एकदा तर दोन गडी एका बॉलवर आले तेव्हा सरपंचाच्या भावानं जवायाला खांद्यानं ढकलून दिलं आणि बॉल स्वतः घेतला. त्या दिवसातला पहिला शहाणपणा.

कप मात्र नाही मिळाला. बरोबरी झाली, पेनल्टीवर आपल्या दोघांनी बॉल आभाळात मारला, कारंज्याची पोरं कप घेऊन नाचली. बक्षीस वाटप झालं, पाहुण्यांची भाषणं झाली. बबनरावांनी इकडेतिकडे पाहिलं तर ऋषिकेश नाही, मंजुषा नाही, आणि बाभळीखाली लावलेली मोटरसायकलही नाही.

गेले म्हणायचे. बूट हातात धरून बबनराव घराकडे निघाले. रस्त्यात लोक म्हणाले, "काय खेयले हो आज!" त्यांना ऐकूही आलं नाही. तुळसाबाईला काय सांगायचं? माफी मागायला उद्या केनवडला जायचं का? व्याह्यांच्या पाया पडायचं का? लहान पोरागत रडू येत होतं त्यांना, आणि वळणावर थांबून त्यांनी खरंच डोळे पुसले.

अंगणात शिरले तर मोटरसायकल उभी! ओसरीत पोरं जमिनीवर मांडी घालून जेवत होती, आणि त्यांच्या मधात, राजूच्या मांडीला मांडी लावून ऋषिकेश. ठेच्याला हात घालून म्हणत होता, "थो बुटका मांगून येते ना, तं राजू, तू गोल सोडून बाहीर ये." पलीकडं रांगोळीचा पाट रिकामा. समई लावलेली. तुळसाबाई स्वयंपाकघराच्या दारात, तिला काहीच उमगत नव्हतं.

"या मामाजी," ऋषिकेश म्हणाला. "थो पाट तुमच्यासाठी ठेवला. पाव्हन्यावानी चुपचाप होते ना आज पहिल्या अर्ध्यात, बसा मंग पाव्हन्यावानी."

सगळी पोरं फिदीफिदी हसली. बबनराव दारातच उभे. "बापू, थे... तोंडातून निंगून गेलं. मी..."

"अडीच वर्सं उशीर झाला तुमाले," ऋषिकेश म्हणाला. मुका पोरगा तो, शब्द जुळवायला वेळ लागला. "धोंड्याच्या दिवशी जेवण झालं, आठवते? पोट्टे बॉल घेऊन मैदानावर निंगाले. मीबी उठलो होतो. सारे म्हनाले, जवाईबापू, तुमी कायले उन्हात, तुमी बसा. खुर्ची देल्ली, पंखा लावला. आन मी सारी दुपार तिकडून बॉलचा आवाज ऐकत बसलो. मले वाटलं, इथं आपली कायमची खुर्चीच हाय. खेयात कोनी घेनार नाई."

मंजुषा चुलीपाशी बसली होती, ती उठून आली आणि नवऱ्याच्या ताटात गपकन भाकर टाकून परत गेली. हे तिलाही आत्ताच कळत होतं.

बबनरावांनी पाट पायानं बाजूला सरकवला आणि ते जवायाच्या शेजारी खाली बसले. भाजीचा घास घेतला, अळणी होती. "भाजीत मीठ नाई," ते मोठ्यानं म्हणाले. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, पहिल्यांदा! तुळसाबाई बघतच राहिली.

जेवणं झाल्यावर ऋषिकेशनं विचारलं, "आता खेमा येईस्तोवर डाव्या बाजूले कोन?"

"तू," बबनराव म्हणाले. "आन खेमा आल्यावर तू वर जाजो, तो मांगं राहीन. झाकाझाकी शिकवा लागन साऱ्यायले. पाठ नाई तुमाले काईच."

"प्रॅक्टिस कवा असते?"

"शनवारी. साडेपाचले. उशीर केला तं मैदानाले चकरा मारायला लावीन, जवाई-फवाई पाहनार नाई."

"एवढ्या दूर मी एकटा नाई येत. मंजुषालेबी आनीन. शनवारी राहू, आतवारी जाऊ." त्यानं सासूकडे पाहिलं. "दर शनवारी."

सकाळी ते दोघं निघाले. मंजुषा ओटीसाठी पाटावर येऊन बसली, कुंकवाची कोयरीही काढली होती. तुळसाबाईनं तांदळाचं सूप उचललं, एकदा पोरीकडे पाहिलं, आणि सूप घेऊन सरळ आत गेली. तांदूळ डब्यात परत पडल्याचा आवाज आला.

"आई, ओटी?"

"ओटी कायची भरा लागते वं," आतून तुळसाबाई म्हणाली, "शनवारी येनारच हायेस तं!"